एकच अक्षर अडतंय की अख्खा गटच बदलतोय?

मूल बोबडं बोलतं म्हटलं की 'होईल आपोआप' म्हणणारे आणि 'जीभ जड आहे' म्हणणारे दोघेही लगेच भेटतात. पण बोबडेपणा एकाच तऱ्हेचा नसतो, आणि उपाय त्या तऱ्हेवर ठरतो.

काही मुलांचा एखादाच आवाज अडतो. 'स' म्हणताना जीभ दातांमधून बाहेर डोकावते, नाहीतर 'र'चा 'ल' होतो. बाकी बोलणं स्वच्छ. जिभेला त्या आवाजाची जागा सापडलेली नसते, इतकंच. 'र' आणि 'स' मुळात उशिरा येणाऱ्या आवाजांपैकी, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाच्या 'लाजा'ची काळजी नको. शाळेत रुळल्यावरही तेच चालू राहिलं, तर मात्र दाखवावं.

दुसऱ्या तऱ्हेत आवाजांचा गटच्या गट बदलतो. कारची 'तार', गायीची 'दाय', खेळाचा 'थेळ'. जिभेच्या मागच्या भागातून निघणारे आवाज सरसकट पुढे आणले जातात. यातली काही मुलं सुटा 'क' नीट म्हणून दाखवतात, शब्दात आला की पुन्हा 'त'! म्हणजे अडचण जिभेच्या ताकदीची नाही. कोणता आवाज कुठे वापरायचा, ही घडी डोक्यात बसलेली नाही. अशा वेळी फुगे फुगवून किंवा जिभेचे व्यायाम करून काही साधत नाही. स्पीच थेरपिस्ट कार आणि तार अशी दोन चित्रं समोर ठेवतात. मूल कार मागायला जातं, तोंडातून 'तार' येतं आणि हातात तारेचं चित्र पडतं. मूल चित्राकडे बघतं, थेरपिस्टकडे बघतं. आवाज बदलला की अर्थ बदलतो, हे तिथे उमगायला लागतं. 'क'चा 'त' करणं साधारण साडेतीन वर्षांपर्यंत बहुतेकांचं सुटतं. चौथं उलटूनही सुटलं नाही, तर थांबण्यात अर्थ नाही.

वयापेक्षाही उपयोगी कसोटी म्हणजे परक्या माणसाला किती कळतं. आईला सगळंच कळतं, ते धरू नका. ढोबळमानाने दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तिसऱ्या वर्षी पाऊण आणि चौथ्या वर्षी जवळपास सगळं बोलणं परक्यालाही समजावं.

थेरपीआधी कानांची तपासणी करून घ्याच. कानात वारंवार पाणी साठत असेल तर मुलाला आवाज धड ऐकूच येत नाहीत. जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाई मात्र नको. बहुतेक उच्चारदोषांशी त्याचा संबंध नसतो.

येत असलेले शब्द गळायला लागले, तर वय न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. एकच शब्द दर वेळी निराळाच चुकत असेल, किंवा कुणाला कळत नाही म्हणून मूल बोलणंच टाळत असेल, तर थेरपिस्टची वेळ घ्या.

तोवर घरी 'पुन्हा म्हण, नीट म्हण' नको. ते 'तार' म्हणालं, की 'हो, लाल कार आली' म्हणायचं आणि खेळ पुढे चालू ठेवायचा.