दातावरचा पांढरा डाग वाळल्यावरच का उठून दिसतो?

मुलाचे पटाशीचे कायमचे दात येतात, त्यांवर दुधट पांढरे किंवा पिवळट-तपकिरी डाग दिसतात आणि घरात लगेच निदान होतं: कॅल्शियम कमी पडलंय. मग गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांनी हा डाग जात नाही. दाताचं सर्वांत बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल, शाळेच्या पुस्तकातलं दंतवल्क. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. एनॅमलमध्ये रक्तवाहिनी नसते, जिवंत पेशीही नसते. पोटात गेलेलं कॅल्शियम तिथवर पोचणार कुठून?

दुसरा गैरसमज घासण्याचा. डाग वर बसलाय, घासला की निघेल, असं वाटतं. चहाचा, पानाचा, मशेरीचा थर वर बसतो हे खरं. पण हा पांढरा डाग एनॅमलच्या आत असतो, आणि तिथे पांढरा रंग असा काही नसतोच.

निरोगी एनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचे स्फटिक इतके दाटीवाटीने बसलेले असतात की प्रकाश बऱ्यापैकी आरपार जातो. डागाच्या जागी खनिज कमी असतं आणि स्फटिकांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहिलेल्या असतात. बर्फाची लादी पारदर्शक दिसते, पण तोच बर्फ किसून केलेला गोळा पांढराशुभ्र दिसतो. त्यावर सरबत ओतलं की पांढरेपणा जातो. बर्फ तोच असतो, फक्त कणांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. दातातही हेच घडतं.

थोडं गणित करू. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्यातला काही भाग परत फिरतो. किती, ते दोन्ही माध्यमांच्या अपवर्तनांकांतल्या (माध्यमात प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यांतल्या) फरकावर ठरतं: फरकाला बेरजेने भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. एनॅमलचा अपवर्तनांक १.६२, हवेचा १, पाण्याचा १.३३. एनॅमल आणि हवेच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ५.६ टक्के परततो, एनॅमल आणि पाण्याच्या सीमेवर जेमतेम १ टक्का. डागात अशा असंख्य सीमा असतात. प्रत्येक सीमेवर थोडाथोडा प्रकाश विखुरतो, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून डोळ्याला पांढरं दिसतं. लाळेने पोकळ्या भरलेल्या असताना डाग फिका असतो. ओठ बाजूला धरून दात वाळू दिला की तोच डाग ठळक होतो. म्हणूनच दंतवैद्य दातावर सुमारे ५ सेकंद हवा मारून बघतात. वाळल्यावरच दिसणारा डाग सहसा उथळ असतो, ओल्या दातावरही दिसणारा अधिक खोल.

या पोकळ्या येतात कुठून? तारा लावलेल्या मुलांच्या दातांवर ब्रॅकेटभोवती (तार धरून ठेवणाऱ्या, दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती) जे पांढरे डाग उमटतात, ती किडीची पहिली पायरी असते. जिवाणूंच्या आम्लाने तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं. वरचा पातळ थर टिकतो, आतला भाग सच्छिद्र होतो.

फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडणाऱ्या डागांची, गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ मध्ये आलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या मुलांचे दात तपकिरी दिसले. गावकरी डुकराच्या मांसाला आणि खराब दुधाला दोष देत होते. मॅकेने अनेक वर्षं पिच्छा पुरवला, पण उत्तर मिळायला १९३१ उजाडलं. ॲल्युमिनियम कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याने अशाच एका गावाचं पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड भरपूर निघालं. एनॅमल घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तर स्फटिकांमधली प्रथिनं वेळेवर निघून जात नाहीत आणि त्यांची जागा खनिजाने भरत नाही. दात उगवताना डाग पांढरे असू शकतात. तपकिरी रंग बहुधा नंतर, सच्छिद्र भागात बाहेरचे रंग मुरून येतो.

उपचारातही तेच प्रकाशाचं गणित उपयोगी पडतं, आणि मला त्यातलं हेच सर्वांत आवडतं. रेझिन इन्फिल्ट्रेशन या पद्धतीत १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिनिटं लावून वरचा थर उघडतात. मग इथेनॉलने आतलं पाणी काढून टाकतात. इथेनॉलचा अपवर्तनांक १.३६, म्हणून ते ओलं असतानाच डाग फिका पडला तर पुढे रेझिन काम करेल असा अंदाज बांधता येतो. शेवटी पातळ रेझिन (प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव) मुरवून प्रकाशाने घट्ट करतात. त्याचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, म्हणजे परत फिरणारा प्रकाश ०.१ टक्का. फार खोल डागांपर्यंत रेझिन पोचत नाही. तपकिरी डागांना आधी ब्लीचिंग किंवा मायक्रोॲब्रेजन, म्हणजे आम्ल आणि झिजवणारी पूड वापरून वरचा अगदी पातळ थर काढणं, लागू शकतं. तारा काढल्यावरच्या ताज्या डागांना मात्र काही महिने नुसती फ्लोराइड टूथपेस्ट, स्वच्छता आणि लाळ यांना काम करू द्यावं. बरेचसे फिके होतात.

‘नैसर्गिक’ म्हणून लिंबू-मीठ चोळायला सांगणारे व्हिडिओ पाहून मला राग येतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ असतो. जे खनिज कमी पडलंय तेच त्याने आणखी विरघळतं. कोळशाच्या काळ्या पेस्टने एनॅमल झिजू शकतं, आतल्या पोकळ्या तशाच राहतात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. वरच्या पटाशीच्या कायमच्या दातांचं एनॅमल बाळ ३-४ महिन्यांचं झाल्यापासून ४-५ वर्षांचं होईपर्यंत घडतं, म्हणून पाणी तपासायचं ते बाळ लहान असतानाच. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ निघून गेल्याने त्याचं प्रमाण वाढतं. नुसत्या यूव्ही फिल्टरनेही ते जात नाही. घरी आरओ चालतो. गावपातळीवर तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, आणि ती बादलीतही करता येते.