गळ्यावरचा प्रोब आणि कॅन्सरचा आकडा

दक्षिण कोरियात १९९९ साली कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्या यादीत थायरॉईड नव्हता. पण तपासणीला आलेल्यांना थोडे जास्त पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेता यायची. गळ्यावर थंडगार जेल, त्यावरून फिरणारा प्रोब, काही मिनिटांचं काम. नाही कोण म्हणणार? पडद्यावर मसुराच्या दाण्याएवढी गाठ दिसायची, मग सुई टोचून तपासणी, आणि रिपोर्टवर शब्द यायचे: पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉईड कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार.

२०११ पर्यंत तिथलं थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त लोकांना हे निदान झालं आणि हा देशात सर्वाधिक आढळणारा कॅन्सर ठरला. मृत्यू मात्र वर्षाला ३०० ते ४०० च. तो आकडा जागचा हललाच नाही. वाढीव रुग्ण जवळपास सगळे पॅपिलरीचे.

या कोड्याचा उलगडा खरं तर १९८५ मध्येच फिनलंडमध्ये झाला होता. तिथे शवविच्छेदनात १०१ जणांच्या थायरॉईडचे पातळ काप करून तपासले, तर ३६ जणांत बारीक पॅपिलरी कॅन्सर सापडला. आयुष्यभर त्याची चाहूलही न लागलेली ही माणसं. शोधत गेलं तर सापडणारच, असा हा आजार आहे.

कोरियात निदान झालेल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया झाली, दोन-तृतीयांश रुग्णांची तर पूर्ण ग्रंथी काढली. त्यानंतर रोज उपाशीपोटी थायरॉईड हार्मोनची गोळी, जन्मभर. काहींचं कॅल्शियम खाली गेलं ते गेलंच, काहींचा आवाज बसला. ज्या गाठीने कदाचित कधीच त्रास दिला नसता तिच्यापायी हे भोगावं लागलं, हे मला फार लागतं. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांच्या एका गटाने जाहीर पत्र काढून निरोगी माणसांची ही सोनोग्राफी थांबवा असं सांगितलं. वर्षभरात शस्त्रक्रिया साधारण एक-तृतीयांशाने घटल्या.

सगळीच वाढ अशी नसते. १९८६ च्या चेर्नोबिल स्फोटानंतर बेलारूस आणि युक्रेनमधल्या मुलांना झालेला पॅपिलरी कॅन्सर खराखुरा वाढलेला होता. किरणोत्सारी आयोडीन दुधातून त्यांच्या गळ्यापर्यंत पोचलं होतं.

कॅन्सरचा प्रकारही प्रदेशानुसार बदलतो, आणि त्यामागे बरंचसं आयोडीन आहे. जिथे ते कमी, तिथे गलगंड आणि फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकारच्या थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण जास्त. मीठ आयोडीनयुक्त झालं की पारडं पॅपिलरीकडे झुकतं. आपल्याकडे वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

भारतात आज नजर जाते ती केरळकडे. तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर नोंदणीत बायकांमधला थायरॉईड कॅन्सर देशातल्या वरच्या आकड्यांत आहे. पहिला संशय किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी वाळूवर येतो, पण अशीच वाळू असलेल्या करुनागपल्लीत हजारो लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊनही त्या किरणोत्सारामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. वाढलेले रुग्ण मुख्यतः बायका आणि मुख्यतः पॅपिलरी. शिवाय तिथे सोनोग्राफी सहज मिळते. हा कोरियाचाच ठसा वाटतो.

याच्या दुसऱ्या टोकाला आपली बार्शी. १९८७ पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, आणि तिच्यात थायरॉईड अगदी किरकोळ दिसतो. तिथल्या बाईच्या गळ्याला प्रोब सहसा लागतच नाही. गाठ पदराआडही लपेनाशी झाली की मगच ती दवाखान्याची पायरी चढते.