गुणांतून क्षमता वेगळी काढताना: मानसमापनाच्या गणितातील पीएच.डी. संशोधनाची पार्श्वभूमी

शंभरपैकी ६० या आकड्यात परीक्षार्थीची क्षमता आणि प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी एकमेकांत मिसळलेली असते. पत्रिका सोपी निघाली की तोच विद्यार्थी ७५ वर जातो. काठिण्य मोजायला ‘किती टक्के मुलांनी प्रश्न सोडवला’ हे पाहावे, तर हुशार तुकडीत तोच प्रश्न सोपा ठरतो. ही गुंतागुंत सोडवण्याच्या प्रयत्नांतूनच मानसमापन, म्हणजे मनाच्या क्षमता चाचण्यांनी मोजण्याचे शास्त्र, यातले टिकाऊ संशोधन उभे राहिले.

सुरुवात १९०४ सालची. ब्रिटिश सैन्यातले अधिकारीपद सोडून जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्याकडे पीएच.डी. करायला गेलेल्या चार्ल्स स्पिअरमन यांनी मापनदोषामुळे दोन चाचण्यांतला सहसंबंध (एकीतले गुण दुसरीतल्या गुणांबरोबर किती बदलतात ते) कमी दिसतो हे दाखवले आणि त्यावर उपायही दिला: दिसणाऱ्या सहसंबंधाला दोन्ही चाचण्यांच्या विश्वसनीयतांच्या (पुन्हा मोजल्यास गुण किती सारखे येतील याच्या ० ते १ मधल्या मापांच्या) गुणाकाराच्या वर्गमूळाने भागायचे. विश्वसनीयता ०.६४ व ०.८१ असतील आणि सहसंबंध ०.३६ दिसत असेल, तर खरा सहसंबंध ०.५० येतो. मात्र विश्वसनीयतेचा अंदाज कमी धरला गेला तर उत्तर १ च्याही वर जाते. सूत्र बिनचूक आणि त्यात घातलेला आकडा कच्चा, ही अडचण या क्षेत्रात पुढेही वारंवार दिसते.

मुळात अभियंता असलेल्या लुई थर्स्टन यांनी १९२५ साली मुलांची बुद्धी मोजणाऱ्या बिने चाचणीतले प्रश्न एकाच मोजपट्टीवर बसवून दाखवले. त्यांच्या पुढाकाराने १९३५ साली सायकोमेट्रिक सोसायटी आणि पुढच्याच वर्षी ‘सायकोमेट्रिका’ हे नियतकालिक सुरू झाले. याच सुमारास, १९३४ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड रूप सिद्ध केले.

खरे वळण एका प्रबंधाने दिले. थर्स्टन यांचे शिष्य हॅरल्ड गुलिक्सन यांनी प्रिन्स्टन विद्यापीठ आणि १९४७ साली स्थापन झालेली, परीक्षा घेणारी अमेरिकी संस्था एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस यांच्यात अशी सोय केली, की विद्यार्थ्याने पीएच.डी. विद्यापीठात करावी आणि प्रश्न खऱ्या परीक्षांमधून घ्यावेत. तिथे घडलेल्या फ्रेडरिक लॉर्ड यांचा प्रबंध १९५२ साली ‘सायकोमेट्रिक मोनोग्राफ’ मालिकेत सातव्या क्रमांकाने छापला गेला. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा वक्र असतो, आडव्या अक्षावर क्षमता आणि उभ्या अक्षावर बरोबर उत्तराची संभाव्यता, हा त्याचा पाया. त्यातून निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा होता: गुणांच्या आलेखाचा आकार पाहून क्षमतेच्या वितरणाचा आकार सांगता येत नाही. घंटाकृती क्षमता असलेल्या गटालाही अवघड पत्रिका दिली की गुण एका बाजूला कलतात.

लॉर्ड यांचा वक्र प्रसामान्य (घंटाकृती) वितरणावर बेतलेला असल्याने प्रत्येक वेळी संकलन (इंटिग्रेशन) करावे लागे. ॲलन बर्नबॉम यांनी त्याजागी लॉजिस्टिक फल, म्हणजे तशाच आकाराचे पण सोप्या सूत्राचे फल, आणले. घातांकात १.७ ने गुणले की दोन्ही वक्रांतला फरक कुठेही ०.०१ पेक्षा जास्त राहत नाही. १९६८ साली लॉर्ड आणि मेल्विन नोव्हिक यांच्या ग्रंथात बर्नबॉम यांची प्रकरणे आली आणि उतार (प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना किती वेगळे करतो), काठिण्य व अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ही प्रत्येक प्रश्नाची तीन प्राचले (वक्र ठरवणारे आकडे) रूढ झाली. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग रॅश यांनी त्याआधीच, १९६० साली, फक्त काठिण्य ठेवले. त्यामुळे बरोबर उत्तरांची बेरीज हीच क्षमतेबद्दलची सगळी माहिती ठरते, आणि ती बेरीज स्थिर धरून काठिण्य काढताना क्षमता समीकरणातून निघून जाते. साधेपणाची इतकी मोठी गणिती कमाई क्वचितच होते.

मग आली उत्तरपत्रिकांवरून ही प्राचले काढण्याची अडचण. दर नव्या परीक्षार्थीबरोबर एक नवे अज्ञात वाढते, म्हणून क्षमता आणि काठिण्य एकत्र काढली तर कितीही मुले घेतली तरी चूक विरत नाही. रॅश यांच्या प्रारूपात (मॉडेलमध्ये) दोनच प्रश्न असतील तर काठिण्यातला फरक खऱ्याच्या दुप्पट येतो. १९७० साली बॉक आणि लीबरमन यांनी क्षमतेवर संकलन करून हे टाळले. त्यांच्या पाच प्रश्नांना बरोबर-चूक उत्तरांचे ३२ नमुनेच होते. चाळीस प्रश्नांना मात्र ते एक लाख कोटींहून अधिक होतात. १९८१ साली बॉक आणि एटकिन यांनी ईएम पद्धतीने, म्हणजे अज्ञात क्षमतेचा अंदाज आणि प्राचले आलटून पालटून सुधारत नेण्याच्या रीतीने, हा अडथळा दूर केला, तेव्हा कुठे लांब चाचण्या या रीतीने सोडवता आल्या.

आजचा प्रबंध बहुधा सिम्युलेशनवर उभा असतो: खरी प्राचले ठरवायची, संगणकाने उत्तरे निर्माण करायची, प्राचले पुन्हा काढायची आणि तफावत मोजायची. यात दोन चुका नेहमीच्या. तुलनेआधी दोन्ही संच एकाच मोजपट्टीवर आणले नाहीत तर नसलेला दोष दिसतो. आणि ज्या प्रारूपाने उत्तरे बनवली त्यानेच सोडवली तर पद्धत चांगली दिसणारच. गृहीतक मुद्दाम मोडून पाहावे लागते. तिसरे, म्हणजे अंदाजाने बरोबर येण्याचे, प्राचल तर सोप्या प्रश्नांत हाती लागतच नाही, कारण तिथे चुकणारी मुले फार थोडी. त्यासाठी बेझच्या पद्धतीने, म्हणजे आधीची माहिती जोडून, पूर्वअंदाज द्यावा लागतो.

आपल्याकडे एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन अनेक सत्रांत होतात आणि गुण पर्सेंटाइलमध्ये बदलले जातात. त्यामागे सत्रांतले गट सारख्याच क्षमतेचे आहेत हे गृहीत असते. ते पडताळायला दोन्ही सत्रांत काही समान प्रश्न असावे लागतात. पण परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरे उमेदवारांना खुली होतात. ही पारदर्शकता हवीच, मात्र त्यामुळे समान प्रश्न गुप्त राखता येत नाहीत. समान प्रश्नांवाचून गटांतला फरक किती, हे कसे काढायचे, हा इथल्या एखाद्या पीएच.डी.ने हाती घ्यावा असा विषय आहे.