ऑफिसात फिशटँक बसवायचाय? मग ऑर्डर देण्याआधी एवढं वाचाच

टँक घ्यायला आलेला प्रत्येक जण पहिलं विचारतो, मासे कुठले ठेवू. आम्ही उलटं विचारतो, शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडता का? कारण सांगलीत आम्ही बसवलेल्या टँकांमधले मासे मेले त्यातले निम्मे तरी ह्या मेन स्विचनंच मेलेत. मार्केट यार्डातल्या एका पेढीवर सोमवारी सकाळी फोन आला म्हणून गेलो, बघतो तर पाणी ताकासारखं पांढरट, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत आणि खालच्या खड्यांत बिस्किटाचा फुगलेला तुकडा.

झालं काय ते सांगतो. माशांची घाण आणि उरलेले दाणे कुजले की अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात राहणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. ह्या बॅक्टेरियांना सतत वाहतं पाणी लागतं, मोटर दीड दिवस बंद राहिली की ते मरायला लागतात. म्हणून फिल्टरची लाइन वेगळी घ्या, जमलं तर इन्व्हर्टरवर टाका, छोटा फिल्टर दहा-वीस वॉटच खातो ओ, बिलात कळणारपण नाही.

नवीन टँकमध्ये हे बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. त्यामुळं उद्घाटनाला टँक भरलेला दिसला पाहिजे म्हणणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो, आधी चार-पाच मासे, बाकीचे महिन्यानंतर.

साइज म्हणाल तर तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. त्यात साधारण १२७ लिटर पाणी बसतं म्हणजे नुसतं पाणीच १२७ किलो, वर काच आणि खडे. फाइलीच्या कपाटावर किंवा प्लायच्या टेबलावर हे चालत नाही, लोखंडी स्टँड आणि खाली थर्माकोलची शीट पाहिजेच. गोल काचेचा बाऊल स्वस्त पडतो पण आम्ही विकत नाही, पाणी कमी म्हणून ते लगेच खराब होतं. खिडकीसमोर ठेवू नका, पंधरा दिवसांत शेवाळ. एसीच्या झोताखाली पण नको, दिवसभर गार आणि रात्री गरम असं माशांना सोसत नाही.

आता मासे. वास्तूवाल्यांनी सांगितलं म्हणून आठ लाल एक काळा असे नऊ गोल्डफिश मागायला बरेच जण येतात. श्रद्धा तुमची, पण गोल्डफिश वीतभर होतो आणि घाण भरपूर करतो, ह्या टँकमध्ये नऊ म्हणजे एसटीत दिवाळीची गर्दी. बोअरचं पाणी जड म्हणजे क्षारांचं असेल तर गप्पी, मोली, प्लॅटी घ्या, त्यांना तेच मानवतं. नळाचं असेल तर क्लोरिन मारायचं औषध टाकल्याशिवाय ओतू नका, पावसाळ्यात गढूळ आलं तर त्या आठवड्यात बदलूच नका.

एरवी दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, सगळं कधीच नाही. स्पंज नळाखाली धुवू नका, काढलेल्या पाण्यातच पिळा.

आणि दाणे टाकायला एकच माणूस नेमा! साहेब टाकतात, शिपाईमामा टाकतात, चहावाला टाकतो, वर आलेल्या गिऱ्हाइकांची पोरं. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच दिवस उपाशी ठेवलेत तरी चालतं, उगाच जाताना मूठभर टाकून जाऊ नका.

मासे नकोसे झाले तर कृष्णेत सोडू नका, विशेषतः साकर फिश (काचेला चिकटून शेवाळ खाणारा), बाहेरचा मासा नदीतल्या माशांच्या मुळावर येतो. दुकानात आणून द्या, आम्ही ठेवून घेतो. बसवायला आम्ही येतो, फक्त त्याआधी तुमचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून आणा, टेस्ट करून मासे सांगतो.