झूम केल्यावर पान जागेवरून का सरकतं?

कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबलं की आज अख्खं पान मोठं होतं. पूर्वी बहुतेक ब्राउझरांत मोठी व्हायची ती नुसती अक्षरं. चित्रं आणि चौकटी होत्या तेवढ्याच राहायच्या. मग मजकूर चौकटीबाहेर सांडायचा, मेनूच्या एका ओळीच्या दोन व्हायच्या. ठरावीक उंचीच्या चौकटीत देवनागरीची पंचाईत जास्त, कारण वेलांट्या आणि उकार आधी कापले जातात. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ची तऱ्हा आणखी निराळी: अक्षराचं माप पिक्सेलमध्ये दिलं असेल तर तो ते वाढवायचाच नाही. म्हणून डिझायनर मंडळी 'एम'कडे वळली, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत मापं देऊ लागली.

सबंध पान मोठं करण्याची सोय ऑपेरात बरीच आधीपासून होती. इंटरनेट एक्स्प्लोररने ती २००६ मध्ये सातव्या आवृत्तीत आणली, फायरफॉक्सने २००८ मध्ये तिसऱ्या. आता चौकटीही वाढू लागल्या, पण अपूर्णांकांचा घोळ पुढे आला. जेक्वेरी या वेब-प्रोग्रॅमिंगच्या साधनाचा कर्ता जॉन रेसिग याने २००८ मध्ये दिलेलं उदाहरण सोपं आहे: ५० पिक्सेलच्या पट्टीत २५ टक्क्यांच्या चार चौकटी, म्हणजे प्रत्येकी साडेबारा. बारा धरले तर कडेला दोन पिक्सेलची फट राहते. तेरा धरले तर बेरीज ५२ होते आणि चौथी चौकट खाली घसरते. ११० टक्के झूमला असे अपूर्णांक पावलोपावली येतात. पुढे क्रोम पिक्सेलचा चौसष्टावा भागही हिशेबात धरू लागला. रेघ मात्र शेवटी पडद्याच्या अख्ख्या ठिपक्यांवरच उमटते, म्हणून काही झूमला ती एका बाजूला जाड दिसते.

खरी मेख वेगळीच आहे. सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका नव्हे. झूम वाढवला की तो पिक्सेलच फुगतो आणि खिडकीत कमी मावतात. १२८० बाय ७२० ची खिडकी ४०० टक्क्यांना ३२० बाय १८० ची होते. ब्राउझर मग मोबाइलची मांडणी लावतो, मेनू तीन आडव्या रेघांत गडप होतो, आणि वर चिकटवलेली ८० पिक्सेलची पट्टी जवळजवळ निम्मी उंची खाते. याला लोक बिघाड म्हणतात. ब्राउझर मात्र सांगितलं तेच करत असतो.

चिमटीचा झूम या हिशेबात बसत नाही. २००७ च्या आयफोनने पान ९८० पिक्सेल रुंद धरून आधी मांडलं, मग आकसून दाखवलं. बोटांनी मोठं केलं तरी मांडणी तीच, वरून नुसतं भिंग. मग 'फिक्स्ड', म्हणजे पान सरकवलं तरी जागा न सोडणारं, बटण मांडणीला चिकटायचं की भिंगाला? ब्राउझरांची उत्तरं बरीच वर्षं जुळत नव्हती. काही डिझायनरांनी कंटाळून झूमच बंद करणारी सूचना पानात घातली. अंधूक दिसणाऱ्यांनी काय करायचं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. २०१६ मध्ये आयओएस १० च्या सफारीने ती सूचना धुडकावली.