ॲव्हरेजचा आकडा आणि ब्रेकवरचा पाय

गाडी घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? प्रश्न रास्त आहे, पण लिटरमागे किती किलोमीटर हा आकडा मनाला हमखास चकवतो. समजा, घरात दोन गाड्या आहेत. एक जुनी आणि जड, लिटरला १० किलोमीटर देणारी. दुसरी लहान, लिटरला २० देणारी. दोन्ही वर्षाला १०,००० किलोमीटर चालतात आणि पैसे एकच गाडी बदलण्यापुरते आहेत. मग जड गाडी काढून १२ देणारी आणावी, की लहान गाडी काढून २८ देणारी? बहुतेक जण २८ कडे बोट दाखवतील. कुठे आठ किलोमीटरची उडी आणि कुठे दोनची!

आता किलोमीटर सोडून लिटर मोजा. १० ची गाडी वर्षाला १,००० लिटर पिते आणि १२ ची ८३३, म्हणजे वाचले १६७ लिटर. २० ची गाडी ५०० लिटर पिते आणि २८ ची ३५७. इथे वाचले १४३. दोन किलोमीटरच्या उडीने आठ किलोमीटरच्या उडीवर मात केली. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी हा भ्रम २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. कारण साधं आहे. आपण पैसे मोजतो ते लिटरचे, आणि लिटर त्या अपूर्णांकात खाली, छेदात बसलेला असतो. ॲव्हरेज जसजसं वाढत जातं, तसतसा प्रत्येक जादा किलोमीटरचा फायदा आटत जातो. युरोपात इंधनाचा खप '१०० किलोमीटरला किती लिटर' असा सांगतात, तो याच कारणाने जास्त प्रामाणिक वाटतो. गाड्यांची तुलना करताना आकडा उलटा करून घ्यायला दहा सेकंद लागतात, आणि 'थोडंसंच बरं ॲव्हरेज' असलेली मोठी गाडी कधीकधी एकदम शहाणपणाची ठरते.

पण मुळात लिटर जातो कुठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते, किंवा इंजिनच्या आतल्या घर्षणात मुरते. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला काही उष्णता फेकून द्यावीच लागते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळे या भागावर आपला फारसा इलाज नाही. चाकांपर्यंत पोचलेल्या ऊर्जेला मात्र तीनच गिऱ्हाइकं आहेत: हवा, टायर आणि ब्रेक. शहरात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ब्रेक, आणि तो तर आपल्याच पायाखाली असतो.

गाडी वेगात असते तेव्हा तिच्यात गतिज ऊर्जा साठलेली असते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणसांसह १,२०० किलोची गाडी ताशी ६० वर असेल तर ही ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल भरते. तेवढी साठवायला इंजिनने चौपट ऊर्जेचं इंधन जाळलेलं असतं, म्हणजे सुमारे २० मिलिलिटर, चहाचे चार चमचे. पुढे सिग्नल लाल दिसतो, आपण करकचून ब्रेक दाबतो आणि ते चार चमचे डिस्क तापवण्यात संपतात. हाच वेग ३० असता तर एकच चमचा गेला असता. ९० वरून थांबलात तर नऊ. ब्रेक पॅड झिजतात ते वेगळंच.

म्हणून इंधन वाचवणारा चालक हळू चालवतो असं नाही, तो लांबवर बघतो. पुढचा सिग्नल लाल आहे, पुढच्या ट्रकचे मागचे दिवे लागलेत, वळणापाशी गर्दी दिसतेय, हे त्याने शंभर-दोनशे मीटर आधी टिपलेलं असतं आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलेला असतो. गाडी गियरमध्येच घरंगळत जाते. बऱ्याचदा ती सिग्नलला पोचेपर्यंत तो हिरवा झालेला असतो आणि थांबावंच लागत नाही. इंजिनला विजेच्या मोटरची जोड असलेली हायब्रिड गाडी शहरात एवढी कमी का पिते, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे: ब्रेक लावताना तिची मोटर जनित्र बनते आणि त्या चमच्यांतला काही भाग बॅटरीत परत भरते. ज्याचं बहुतेक ड्रायव्हिंग मोकळ्या हमरस्त्यावर आहे, त्याला हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला फार वेळ लागेल.

'गियरमध्येच' हा शब्द मुद्दाम वापरला. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची सवय अजून अनेकांना आहे. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग) जमान्यात तिला थोडाफार अर्थ होता. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गियर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडलात, की संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि पेट्रोल शून्य लागतं. इंजिनचे फेरे आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं त्या वेगाच्या, जवळ उतरले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रल केलंत तर इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो, आणि ते बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे बचतीसाठी केलेल्या युक्तीने खर्च वाढतो. वर इंजिन ब्रेकिंगचा, म्हणजे इंजिनच्या विरोधाने गाडी मंदावण्याचा, आधार जातो आणि लांब उतारावर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

उभ्या गाडीचं गणितही पाहून ठेवा. लहान पेट्रोल इंजिन आयडलिंगला तासाला साधारण पाऊण लिटर खातं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. मिनिटाला अडीच चमचे झाले. गरम इंजिन पुन्हा चालू करायला लागणारं इंधन सुमारे दहा सेकंदांच्या आयडलिंगएवढंच असतं. मोठा सिग्नल किंवा रेल्वेचं फाटक लागलं तर इंजिन बंद करणंच परवडतं.

हमरस्त्यावर गिऱ्हाईक बदलतं. मध्यम आकाराच्या गाडीत ताशी ६० च्या आसपास हवेचा आणि टायरचा विरोध जवळपास सारखा असतो. त्यापुढे टायरचा फारसा वाढत नाही, हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पटीहून अधिक होतो. शंभर किलोमीटरच्या प्रवासात वेळ वाचतो सतरा मिनिटं. ही मिनिटं कधीकधी खरोखर हवी असतात, फक्त त्यांची किंमत माहीत असावी. छतावरचा रिकामा कॅरियर ही किंमत रोज भरायला लावतो. वर्षातून दोनदा लागणारा कॅरियर बाकीचे दिवस काढून ठेवलेला बरा. आणि एसी की खिडक्या, हा जुना वाद वेगच सोडवतो: गावात खिडक्या, हमरस्त्यावर एसी.

टायरबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण हवेच्या दाबाने इंधन वाचतं याचा गवगवा जरा जास्तच होतो. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, सुटला की परत फुगतो, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही. दाब कमी तर दबणं जास्त. पण चारही टायरमध्ये एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी असेल तर खप वाढतो तो साधारण ०.२ टक्के. खरा पैसा जातो टायरच्या आयुष्यात: कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो, आतून तापतो आणि एखाद्या उन्हाळी दुपारी फुटतो. टायर महिन्याला अंदाजे एक पीएसआय आपोआप गमावतो, तेव्हा महिन्यातून एकदा दाब बघायचा, तोही गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा सोडणारे लोक मी पाहिले आहेत. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर धावतो.

थंड इंजिन ही आणखी एक गळती. इंजिन आणि तेल गरम होईपर्यंत घर्षण जास्त असतं आणि पेट्रोलही जास्त सोडावं लागतं. म्हणून दोन-दोन किलोमीटरच्या चार सुट्या फेऱ्या आठ किलोमीटरच्या एका फेरीपेक्षा बऱ्याच महाग पडतात. कामं एकत्र करा, किंवा सरळ चालत जा.

काही समजुतींना मात्र खुशाल रजा द्यावी. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद नसते. ऑक्टेन आकडा फक्त सांगतो की दाबाखाली ते अवेळी पेटायला किती विरोध करतं. पुस्तिकेत मागितलं नसेल तर जादा पैसे धुरात. पहाटे पेट्रोल भरलं की थंड, घट्ट आणि जास्त मिळतं म्हणतात. दहा अंशांच्या फरकाने पेट्रोलचं आकारमान जेमतेम एक टक्का बदलतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक पोचतच नाही. एअर फिल्टर चोंदला की ॲव्हरेज कोसळतं, हेही कार्ब्युरेटरबरोबर मागे पडलं. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक पेट्रोल गाड्यांत खप बदलला नाही, पिकअप तेवढा मंदावला. (फिल्टर तरीही बदला, पिकअप हवा असतोच.) आणि इंधनाच्या नळीला लावायची चुंबकं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत. लक्षणीय बचत एकानेही करून दाखवली नाही.

एवढं करून इंधन वाचवलं, तरी नव्या गाडीत बहुधा सगळ्यात मोठा खर्च पंपावर होतच नाही. तो होतो दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत उतरण्यात. सोयीसाठी धरा की किंमत दर वर्षी १५ टक्क्यांनी घटते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी बऱ्याचदा याहून जास्त घटते. १०० ला घेतलेली गाडी पाच वर्षांनी ४४ ची उरते, गेले ५६. तीच गाडी तीन वर्षं जुनी असताना ६१ ला घेतली आणि पाच वर्षं वापरली तर उरतात २७, गेले ३४. आणि नवीनच घ्यायची असेल तर लवकर विकू नका. पाच वर्षांत विकली तर वर्षाला ११ जातात, दहा वर्षं ठेवली तर ८.

मग सगळेच जुनी गाडी का घेत नाहीत? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमक्या जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन याचं उत्तर दिलं, आणि त्या विषयातल्या कामासाठी २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. गाडीचं दुखणं विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा धास्तीने सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी असलेला विकायला येत नाही, आणि बाजारात वाईट गाड्या उरत जातात. यावर उपाय एकच, माहितीतली ती दरी बुजवणं. सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन थंडच हवं. स्टार्ट करताच निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर बराच वेळ थांबला नाही तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत शिरत असण्याची शक्यता.

मग वाकून टायरच्या बाजूवर बघा. तिथे डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी, एका लंबगोलात, चार आकडे सापडतील. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, त्या आठवड्यात तो टायर बनला. मीटरवर २५,००० किलोमीटर दिसतायत, गाडी सहा वर्षांची आहे आणि चारही टायर गेल्या वर्षीचे? टायरचा एक संच एरवी सहज ४०,००० काढतो. हा संच इतक्यात का बदलला, मीटर मागे तर फिरवलेला नाही ना, ते विकणाऱ्यालाच विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत क्लचच्या पेडलवरचं रबर किती गुळगुळीत झालंय तेही पाहून घ्या.