उन्हाळ्यात नदीच्या उगमाकडे : नाशिकच्या मोकळ्या हवेतल्या सुट्टीची पार्श्वभूमी

मे महिन्यातल्या रविवारी पहाटे पाचला त्र्यंबक रोडवर उभे राहिले, तर अर्धे शहर पश्चिमेकडे निघालेले दिसते. दुचाकीवर दोघे, पाठीला सॅक, डोक्याला रुमाल. कुणी अंजनेरीला, कुणी ब्रह्मगिरीला, कुणी नुसतेच गंगापूर धरणाच्या काठावर वारा खायला. ऊन चढायच्या आत खाली उतरायचे, वाटेत मिसळ खायची आणि घर गाठायचे, असा हा बेत असतो. ट्रेकिंगची ही नवी हौस आहे, असे अनेकांना वाटते. पण उन्हाळा लागला की नदीच्या वरच्या अंगाला सरकायचे, ही नाशिककरांची निदान अडीचशे वर्षांची सवय आहे.

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ अशी जुनी म्हण आहे. गाव टेकांवर, खाली गोदावरी, मागे सह्याद्री. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. त्यामुळे दुपार कितीही भाजली, तरी सूर्य कलल्यावर वारा सुटतो आणि रात्री गच्चीवर झोप लागते. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, म्हणजे गोदावरीचा उगम. १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचे पहिलेच मोठे गाव आपले आहे, ही गोष्ट इथल्या माणसाच्या भटकण्यात मुरलेली आहे.

ही वाट धरली पेशव्यांच्या घराण्याने. थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई उतारवयात गंगापूरला येऊन राहिल्या. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा मुक्काम शहर आणि गंगापूर यांच्या मधल्या चावंडस गावी असे. त्या गावाला पुढे आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवली म्हणू लागले. ही माणसे इथे केवळ हवा खायला आली नव्हती. राजकारणाने बाजूला सारलेल्यांच्याही त्या जागा होत्या. तरी वाड्यासाठी त्यांनी निवडली ती जमीन नदीच्या वरच्या अंगाचीच, जिथे पाणी निवळ आणि झाडी दाट.

गावातल्या लोकांसाठी त्याच काळाने ठेवलेली खरी देणगी मात्र रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीखालचा हौद. नाशिकचा रंग धुळवडीला नसतो, रंगपंचमीला असतो. उन्हाचा पहिला चटका जाणवायला लागतो तेव्हा. जुन्या नाशकात आणि पंचवटीत चौकाच्या खाली दगडी हौद आहेत, पुरुषभर खोलीपेक्षा जास्त. वर्षभर ते लाकडे आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून रहदारी चालते. रंगपंचमीच्या आधी ते उघडायचे, पूजा करायची, फुलापानांचा रंग उकळून पाण्यात सोडायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला : तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाज्याची केशरी, शनि चौकाची गुलाबी. मानकऱ्यांची उडी झाली की बाकीच्यांनी ‘धप्पा’ मारायचा. नाशकात उन्हाळा सुरू होतो तो या धप्प्याने, असे मी तरी मानतो. ज्याने रहाडीत उडी मारलेली नाही, त्याला उकळलेल्या फुलांचा तो वास सांगून कळायचा नाही.

त्यानंतरचे दोन महिने घाटाचे. रामकुंड बांधले गेले १६९६ मध्ये, आणि त्याच्या आसपासच्या कुंडांत गावातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या पोहायला शिकली. कुणी पाठीला भोपळा बांधून, कुणी काकाने ढकलून दिल्यावर. पण हे पाणी आणि हे उत्सव सगळ्यांचे होते, असे म्हणणे खोटे ठरेल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रामाचा रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. चैत्रातला रथ हा नाशिकचा मोठा मोकळ्यावरचा सोहळा. त्याच्या दोरीला हात लावण्यासाठी याच गावच्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली, हे या इतिहासातून वगळता येत नाही.

इंग्रजी अमदानीत दोन वाटा वाढल्या. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोचली आणि मुंबईची माणसे उन्हाळ्यात वर येऊ लागली. देवळालीत लष्करी छावणीच्या शेजारी पारशी आणि गुजराती समाजांची सॅनेटोरियमे उभी राहिली. सुट्टी लागली की तिथे कुटुंबेच्या कुटुंबे उतरत. साहेब लोक मात्र आणखी वर गेले, अंजनेरीच्या पठारावर. सुमारे १,२८० मीटर उंचीचा हा डोंगर एप्रिल-मे महिन्यांत त्यांची थंड हवेची जागा होती. १८८३ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. तिथे महाबळेश्वर झाले नाही, हे नाशिकचे भाग्यच.

आदिवासी पट्ट्याचा उन्हाळा वेगळा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे लग्नसराईच्या दिवसांत बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून करायच्या पारंपरिक नाचाची, सोंगे रात्रभर नाचतात. करवंदे, जांभळे, आळू घेऊन तिकडच्या बाया नाशकात बसतात, तेव्हा शहराला जंगलाची आठवण होते. आणि चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीकडे निघालेले पायी जत्रेकरू उन्हाला चुकवत रात्रीची वाट धरतात.

संध्याकाळचा घाट तर १९२२ पासून वसंत व्याख्यानमालेने राखला आहे. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर मे महिनाभर, उघड्या आकाशाखाली, पायऱ्यांवर बसून व्याख्यान ऐकायचे. हाही मोकळ्या हवेतला विरंगुळाच, आणि माझ्या मते या शहराने जपलेला सर्वांत सुंदर.

मग नदी बदलली. गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. पिण्याचे आणि शेतीचे पाणी आले, पण मे महिन्यात घाटावर पाणी असेल की नाही, हे आता धरणातून पाण्याचे आवर्तन कधी सुटते त्यावर ठरते. सोमेश्वरचा धबधबाही त्याच हिशेबाने वाहतो. शहर वाढले, सांडपाणी आले, पाणवेली पसरल्या. २००३ च्या कुंभमेळ्याच्या तयारीत कुंडांच्या तळाला काँक्रीट पडले आणि आतले जिवंत झरे दाबले गेले. पोहणारी पोरे महापालिकेच्या तलावांवर गेली, फी भरून, ठरलेल्या बॅचला. आणि ज्यांना मोकळे पाणी, मोकळा वारा हवा होता, ते उगमाकडे निघाले. आज त्र्यंबक रोडवर दिसणारी गर्दी त्यातूनच आली आहे.

वर गेल्यावर उन्हाळ्यात सगळे अडते ते पाण्यावर. जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. पांडवलेण्यात, ज्याला तिथल्या कोरीव लेखात त्रिरश्मी पर्वत म्हटले आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यासोबत ‘पोढी’ म्हणजे पाण्याची टाकी खोदवल्याची नोंद दगडात कोरली आहे. जवळपास १,९०० वर्षे झाली. जिल्ह्यातल्या बहुतेक डोंगरी किल्ल्यांवर, १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेरवरसुद्धा, हीच कातळातली टाकी भेटतात. मे महिन्यात त्यातले पाणी हिरवट होते, तळाला जाते. त्यात हातपाय धुणारे, बाटल्या टाकणारे पाहिले की जीव तुटतो. माकडे, पाखरे, गुराखी, सगळ्यांची तहान त्याच पाण्यावर असते.

अंजनेरी आता वनखात्याचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, आणि ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे फुलझाड तर याच डोंगराच्या नावाने ओळखले जाते. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोप-वे करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरातले पर्यावरणप्रेमी आणि गिर्यारोहक त्याच्या विरोधात उभे राहिले. मला त्यांचे म्हणणे पटते. खालची कुंडे हातची गेल्यावर या गावाने जी जागा शोधली, ती हीच.